कंबरमोडीचं पत्रक
रस्त्याकडेला कंबरमोडीचं पिवळं फूल दिसलं की मला आमच्या कॉलेजचं वनौषधी प्रदर्शन आठवतं. व्हरांड्यात ओल्या पाल्याचा उग्र वास कोंडला होता आणि कन्नडजवळच्या गावातून बोलावलेल्या एक मावशी गोणपाटावर ताज्या जुड्या मांडून बसल्या होत्या. लोकांना वाटण्यासाठीचं माहितीपत्रक मी लिहिलं होतं. मावशींना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. ‘कंबरमोडी : कंबरदुखीवर रामबाण’ ही ओळ ऐकताच त्या खदखदून हसल्या. “अगं पोरी, हिला खुरपता खुरपता बाईची कंबर मोडती, म्हणून कंबरमोडी! आम्ही तर विळा लागला की हिचा पाला चुरगाळून लावतो, रगत थांबतं.” नुसत्या नावावरून मी औषध ठरवून टाकलं होतं. प्रदर्शन भरवणारे आमचे सर म्हणाले, “आता छापून झालंय, राहू द्या.” मावशी जुड्या आवरायला लागल्या. “मग मी नाय बसत. उद्या लोक कंबरेला पाला चोळत बसतील अन् नाव माझं निघंल.” मी पेटले. “चुकीचं छापलं म्हणून ते खरं होत नाही, सर!” गठ्ठा ओढून मी एकेका पत्रकावरची ती ओळ खोडली आणि खाली मावशींचं म्हणणं लिहू लागले. थोड्या वेळानं सरही खिशातलं पेन काढून शेजारी बसले. मावशींनी जुड्या पुन्हा मांडल्या. आजवर मी पुष्कळ पत्रकं लिहिली, पण त्या खोडलेल्या ओळीइतका अभिमान मला छापलेल्या एकाही ओळीचा वाटत नाही.