फिटू न दिलेली फी

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर आईने मला मावशीकडे ठेवलं आणि शाळा सुटली. मुलगी इथे तेलुगू मुलखात इंग्रजी शाळेत शिकली, तिला मराठी धड वाचता येत नाही, म्हणून या वहीत लिहायचा धीर होतो.

मुलीला ऑफिसातून यायला जरा उशीर झाला की माझी छाती धडधडायची. मी दहा-दहा फोन करायची. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, कुणाशी तरी बोला. मग दर गुरुवारी मी मलकपेठहून बरकतपुऱ्याला एका समुपदेशक मॅडमकडे जाऊ लागले. फी तीनशे, महिनाअखेरीस एकदम द्यायची. साड्यांना फॉल-पिको करून मी ती जमवत होते.

मॅडम तेलुगू, आमचं बोलणं हिंदीत. मी बोलायची कमी, पण दर वेळी डबा न्यायची. कधी धपाटे, कधी शेंगदाण्याची चटणी. आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर घालतात. चौथ्या गुरुवारी मॅडमनी घासलेला रिकामा डबा हातात दिला आणि हसून म्हणाल्या, "अगली बार खाली हाथ आना."

मला वाटलं, आपण नकोशा झालो. मी जाणंच बंद केलं. बाराशे रुपये तसेच राहिले. मॅडमचा फोन आला तेव्हा मुलीला सांगायला लावलं, आई गावाला गेली. फोन ठेवून ती म्हणाली, "मलकपेठ कधीपासून गाव झालं गं?" पोरीला खोटं बोलायला लावलं, ते अजून टोचतं.

दीड महिन्याने पैसे वॉचमनकडे ठेवून पळायचं ठरवून गेले, तर मॅडम दारातच भेटल्या. रागावल्या नाहीत, आत बसवलं. मी डब्याचं सांगितलं. साखरेची रीत त्यांना ठाऊक नव्हती; काही न आणताही यावं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मग मावशीकडचंही बोलले. तिथे मी भांडी घासायची, तिची पोरं सांभाळायची. हात थांबले तर घालवून देतील असं वाटायचं. मॅडम म्हणाल्या, लहानपणी असं जगलेलं माणूस मोठेपणी कुणाला फार घट्ट धरतं, नाहीतर समोरच्याने सोडायच्या आधी स्वतःच सोडून जातं. तुमचं माझ्याशीही तसंच होईल. झालं की इथेच येऊन सांगा.

पर्समध्ये बाराशे होते. मी दोनशेच दिले. बाकी आहे तोवर त्या मला सोडणार नाहीत, असं मनात आलं. पुढची फी त्या त्या दिवशी द्यायची, जुनी मात्र दोनशे-दोनशे. तो दिवस धरून चार गुरुवार त्या "आराम से" म्हणत राहिल्या आणि घरी उरलेले पैसे मोजताना मला लाज वाटायची.

पाचव्या गुरुवारी मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, पैसे पहले दिन से थे मेरे पास. पूरे दिए तो आप छोड़ देंगे, बोलके डर लगा."

त्या म्हणाल्या, पैसे देऊन टाका, पुढच्या गुरुवारची चारची वेळ तुमचीच आहे.

मी राहिलेले चारशे मोजून टेबलावर ठेवले. बाराशे पूर्ण झाले.