चीनचा पाऊस माझ्या हातात

"पाऊस मी पाडला आन् पुढंबी पाडीन," मी म्हटलं.

"पन माह्याच फौजेवर काहून?" निंभोरकर सर म्हणाले. "माही फौज नदी वलांडून राह्यली होती. साठ हजार मानसं वाहून गेली, मावशी."

"पुराच्या पान्यात उतरलं त वाहूनच जाते मानूस."

"मंग मी म्हनतो, पंचच बदला."

सर शांत असले की पुण्याचं मराठी बोलतात आणि चिडले की दर्यापूरचं. त्या रविवारी ते अर्ध्या तासापासून दर्यापूरचं बोलत होते. त्यावरून भांडण कुठवर आलं होतं ते समजा.

तुम्ही म्हणाल, ही अकोल्याची म्हातारी, हिची कुठली नदी आणि कुठली फौज? तर सांगते. आम्ही चौघं मिळून कॉम्प्युटरवर लढाईचा एक खेळ चालवतो. हान राजवंश मोडला आणि चीनची तीन राज्यं झाली, तो काळ. उत्तरेचं राज्य सरांचं. ते अमरावतीत स्पर्धा परीक्षांच्या पोरांना इंग्रजी शिकवतात. दक्षिणेचं शेषरावांचं; ते तेल्हाऱ्याला कपाशी करतात. पश्चिमेचं प्रज्ञाचं, ती तिवस्याला सरकारी कचेरीत आहे. मी खेळत नाही. मी पंच. शनिवारी संध्याकाळपर्यंत तिघं आपापले हुकूम मला पाठवतात, रविवारी चार वाजता आम्ही कॉलवर बसतो आणि मी काय घडलं ते सांगते. लढाई कॉम्प्युटर लढवतो. पण पाऊस, पीक, रोगराई, अफवा आणि दरबार हे सगळं पंचाच्या हातात.

तीन वर्षं झाली. किस्से इतके साचलेत की माझी मुलगी म्हणते, "आई, खऱ्या चीनमध्येही एवढं घडलं नसेल." भांडणाचं सांगतेच, पण ते का पेटलं हे कळायला आधीचं थोडं ऐकावं लागेल.

* * *

शेषराव माणूस धीराचा. पहिल्याच वर्षी त्यांनी सरांच्या एका मोठ्या शहराला वेढा घातला. चाळीस हजार फौज, आत दाणा संपलेला, आणखी एक आठवडा रेटलं असतं तर शहर पडलंच होतं. शनिवारी त्यांचा हुकूम आला: वेढा उठवा, सगळी फौज घरी पाठवा.

मला वाटलं चुकून पाठवलं. फोन केला.

"शेषराव, काहून उठवला वेढा? शहर हातात आलं होतं ना."

"मावशी, खेळात कोन्ता ऋतू लागला?"

"वसंत."

"मंग पेरनी कोन करीन? चाळीस हजार जवान पोट्टे तिकडं भिंतीपाशी बसून राह्यले."

"आन् शहर?"

"शहर कुठं पयून चाललं? पेरनीचा वाफसा निघून जाते."

सर त्या रविवारी पोट धरधरून हसले. पुढच्या हंगामात सरांच्या राज्यात दुष्काळ पडला आणि धान्य फक्त शेषरावांच्या कोठारात होतं. ते शहर शेषरावांनी शंभर गाड्या ज्वारी देऊन घेतलं. एक बाण सुटला नाही.

* * *

प्रज्ञाचा पहिला हुकूम मी अजून जपून ठेवलाय. बाकीचे दोघं लिहितात, "घोडदळ डावीकडून घाला." प्रज्ञाने लिहिलं होतं, "विषय: शत्रूच्या तटबंदीवर हल्ला करणेबाबत. संदर्भ: मागील रविवारची तोंडी चर्चा." खाली चार मुद्दे, आणि शेवटी, "पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर."

सर म्हणाले, "हे युद्ध आहे, प्रज्ञाताई, टपाल नाही."

प्रज्ञाने सरांना एक पत्र पाठवलं. सीमेवरचा अमुक किल्ला आपल्या ताब्यात कोणत्या अधिकाराने आहे, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. न केल्यास आपणांस काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल. सरांनी ते वाचलं, हसले आणि सोडून दिलं. आठव्या दिवशी प्रज्ञाची पंचवीस माणसं कागद घेऊन किल्ल्यावर गेली आणि किल्लेदाराने चाव्या दिल्या.

सर माझ्याकडे आले. "लढाई न होता किल्ला कसा जातो?"

मी म्हटलं, "त्या चीनमंधी सारा कारभार कागदावर चाले. किल्लेदारानं शिक्क्याचा कागद पाह्यला, तुमचा काईच कागद नोता. तो बिचारा काय करीन?"

तेव्हापासून सरांच्या दरबारात एक आवक-जावक नोंदवही आहे.

* * *

सरांच्या फौजेचं खाणंपिणं हा तर वेगळाच विषय. त्यांनी एकदा साठ हजार लोक डोंगर चढवून पलीकडे धाडले, सोबत चार दिवसांचं धान्य. वाट अकरा दिवसांची.

"वाटेत काहीतरी मिळेल," सर म्हणाले.

"साठ हजार लोकाइले वाटेत काय भेटन? बोरं?"

"इतिहासात सैन्यं अशीच गेलीत, मावशी."

मी कॉलेजमागे तीस वर्षं पोरांची मेस चालवली. सत्तर ताटांचा अंदाज चुकला तर काय होतं ते मला माहीत आहे, आणि त्या पोरांच्या हातात भाले नव्हते. सरांची फौज सहाव्या दिवशी परत आली. येताना सेनापतीला आणलं नाही.

* * *

आता सम्राटाचं. आमच्या खेळात राज्यं तीन, पण नावाला सगळ्यांवर सम्राट एकच. मागच्या पावसाळ्यात तो मेला. वारस नव्हता. मी जाहीर केलं की आता सिंहासन रिकामं, ज्याच्यात दम असेल त्याने घ्यावं. मला वाटलं होतं, निदान दोन महिने रक्ताचे पाट वाहतील. लढाईचे नकाशे काढून बसले होते मी.

रविवारी चार वाजता तिघं कॉलवर आले ते हसतच.

"मावशी, जमलं आमचं," शेषराव म्हणाले. "बिनविरोध."

"कोन झालं सम्राट?"

"तिघंबी. सव्वा-सव्वा वर्ष. पह्यले सर, मंग प्रज्ञाताई, मंग मी."

चीनचा सम्राट, स्वर्गाचा पुत्र, आणि सव्वा वर्षाची पाळी! ग्रामपंचायतीत जे चालतं तेच. मी म्हटलं, "राजीनामा कोनाकडं द्याचा?" तर सर म्हणाले, "पंचांकडे. आधीच लिहून देतो." आणि खरंच, तारीख न घालता लिहून दिला.

सव्वा वर्ष सरलं. म्हणजे खेळातलं. प्रज्ञाने आठवणीचं पत्र दिलं. सर म्हणाले, "देतो, एवढी एक मोहीम होऊ द्या." मग म्हणाले, "माझ्या प्रजेचा आग्रह आहे." मग म्हणाले, "त्या राजीनाम्यावर तारीख नाही, तो ग्राह्य कसा?" आणि त्याच आठवड्यात साठ हजार फौज प्रज्ञाच्या राज्याकडे काढली.

त्या चीनमध्ये लोक मानत की सम्राटाने शब्द मोडला की आभाळ त्याच्यावरची माया काढून घेतं. मग पूर येतात, टोळधाड येते. आमच्या खेळात आभाळ म्हणजे मी. टोळधाड मनात होती, पण शेजारीच शेषरावांची शेतं, त्यांचं नुकसान झालं असतं. म्हणून पूर.

* * *

तर पुन्हा त्या रविवारी या.

"पंच बदला" म्हटल्यावर सर एकदम शांत झाले आणि पुण्याचं मराठी बोलू लागले. तिथेच मी ओळखलं की गडी तयारी करून आलाय.

"बत्तिसावा नियम," ते म्हणाले. "पंच पक्षपाती आहे असं वाटल्यास तिघांपैकी दोघांनी हात वर करावा आणि पंच बदलावा. माझा हात वर आहे."

"माझा नाही," प्रज्ञा म्हणाली. "आणि नाही म्हटल्याची नोंद घ्या."

राहिले शेषराव.

"शेषराव?" मी म्हटलं.

"मावशी, तुमचं-माहं वैयक्तिक काईच नाई," शेषराव म्हणाले. "पन सर म्हनतात, नवा पंच आला का पुढची पाळी माही. प्रज्ञाताईच्या आंधी."

प्रज्ञा म्हणाली, "काका, मी ऐकून राह्यली."

"म्हनूनच त हात अजून खालीच हाय, बाई."

लपवून काय करू, मला ती खुर्ची सोडायची नव्हती. तीस वर्षं माझ्या घरात रोज सत्तर माणसं जेवली, आणि त्या सगळ्यांनी मला विचारलं ते एवढंच, भाजी कोणती आहे. आता रविवारी चार वाजता तीन राज्यं माझ्या तोंडाकडे बघतात. खेळाच्या नियमांची पुस्तिका इंग्रजीत होती आणि मी शाळा सातवीत सोडलेली, तरी तिचा तर्जुमा मी शब्दकोश मांडीवर घेऊन केला, पाच महिने लागले. तिघांच्या हातात आहे तो माझाच तर्जुमा.

मी म्हटलं, "सर, पूर आनाचा अधिकार पंचाचा हाय. तसं लिहेल हाय."

"तुमच्या तर्जुम्यात लिहिलंय," सर म्हणाले. आवाज अगदी गोड. "मावशी, तुमच्या कष्टांचं मला कौतुकच आहे. सातवीच्या शिक्षणावर हे करणं सोपं नाही. पण भाषांतर ते भाषांतर. मी मूळ इंग्रजी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आहे, दोनदा. आता हा बत्तिसावा नियमच घ्या. मूळ इंग्रजीत तो फार कडक आहे. तुमच्या मराठीत ती धार उतरलेली नाही."

"असं काय?" शेषराव म्हणाले. कॅमेऱ्यात त्यांचा हात कोपरापर्यंत वर आलेला दिसला. "इंग्रजीत कडक हाय म्हनता?"

"शब्दन् शब्द सांगू शकतो," सर म्हणाले.

मी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"सर, इंग्रजी पुस्तकात नियम एकतीसच हायेत," मी म्हटलं. "बत्तिसावा मी माह्या मनानं लिहेल हाय."