कडी आतून लावायचं घर

किस्से पातेऱ्यासारखे असतात. परसदार झाडून हात झटकावा, वळून बघावं, तर फणसाखाली वाळक्या पानांचा पुन्हा तेवढाच ढीग! आक्कांच्या घरात मी अकरा वर्षं स्वयंपाकी होतो. माझा ढीग मोठा आहे.

रत्नागिरीत बंदराच्या वाटेवर ते चिऱ्याचं घर होतं. पहिलं महायुद्ध संपून दहाएक वर्षं झालेली. वयानं वाढलेली पण बुद्धीनं मागे राहिलेली नऊ माणसं तिथं राहायची. गाव त्यांना खुळी म्हणायचं. आक्का म्हणजे एका शाळामास्तरांच्या विधवा. घर त्यांनीच काढलेलं. त्या सगळ्यांना ‘मंडळी’ म्हणत आणि प्रत्येकाशी अहोजाहो बोलत. मलाच तेवढं ‘अरे गणू’!

*

सुरुवातीलाच एक डॉक्टर घर बघायला आले. म्हणाले, "दारांना कड्या बसवून घ्या. ही माणसं पळतील."

आक्कांनी सुतार बोलावला. प्रत्येक खोलीला कडी बसली, पण आतून!

पुढच्या खेपेला डॉक्टर चक्रावले. "बाई, हे उलटं झालं!"

"नाही हो. बाहेरून कडी कोंडवाड्याला असते. घराला आतून असते."

अकरा वर्षांत न सांगता पळालेला माणूस एकच. मी, नाटक बघायला!

*

गावातल्या एका श्रीमंत बाईंनी ‘बिचाऱ्यांसाठी’ म्हणून जुन्या कपड्यांचं गाठोडं धाडलं. निम्मे फाटके, उरलेले विटके. आक्कांनी ते ठेवून घेतलं.

महिन्यानं बाई स्वतः आल्या. उंबऱ्यात पाय पुसता पुसता थबकल्या. "अगबाई! हे तर माझं लुगडं!"

"हो ना," आक्का म्हणाल्या. "पायपुसण्यांची फार अडचण होती बघा!"

पुढचं गाठोडं आलं ते कोऱ्या कापडाचं.

*

आमचे सदोबा फार बोलत नसत, पण फणसावर टिचकी मारून तो कधी पिकेल ते सांगत. शेजारच्या बागायतदारानं एकदा मुद्दाम फणस आणून परीक्षा घेतली. सदोबांनी टिचकी मारली, कान लावला. "परवा."

बागायतदार हसला. "खुळ्याला काय कळतंय!" म्हणत फणस घेऊन घरी गेला आणि लगेच फोडला. अर्ध्या तासात चिकानं बरबटलेले हात घेऊन दारात! "गणू, जरा खोबरेल दे रे."

तेलाची वाटी सदोबांनीच नेऊन दिली. "परवा," ते पुन्हा म्हणाले.

त्या दिवसापासून बागायतदार आपले फणस आधी सदोबांकडे आणायचा.

*

एकदा कचेरीतले एक बडे साहेब इन्स्पेक्शनला आले. कोट, टोपी, हातात छडी.

"यांना खायला काय घालता?"

"मी खाते तेच," आक्का म्हणाल्या. "बसा पानावर."

साहेब अवघडून पंगतीत बसले. शेजारी दत्तोबा, चाळिशीचे. त्यांनी साहेबांना नीट न्याहाळलं, आपल्या पानातला पापड उचलून त्यांच्या पानात ठेवला आणि पाठीवरून हात फिरवला.

"नवीन आलात? घाबरू नका. इथं कोणी मारत नाही."

साहेबांनी मुकाट्यानं पापड खाल्ला. रिपोर्टात काय लिहिलं देव जाणे, पण जाताना टोपी काढून म्हणाले, "येतो हं, दत्तोबा."

*

आणि येसूबाई. पंचविशीच्या, आतल्या गावच्या शेतकरी घरातल्या. आल्या तेव्हा त्यांना हातानं जेवताही येत नव्हतं. आईनं जन्मभर भरवलेलं. आक्का रोज त्यांचा हात धरून घास करायला शिकवत. निम्मा भात जमिनीवर!

मी वैतागायचो. "आक्का, भरवून टाकतो ना! दोन मिनिटांचं काम."

"अरे गणू, मग त्यांचं काम कोण करील?"

दुसऱ्या वर्षी येसूबाईंची आई आली. कोसभर चालत, उन्हातनं, घामाघूम. दारातूनच म्हणाली, "बाय, पोरीला न्यायला आलंय. हितं उपाशी ठेवतात म्हनं. माझ्याबिगर ती खात नाय."

मला रागच आला. आक्का शांत होत्या. "न्या हो. तुमचीच आहे. पण आधी जेवून घ्या."

पान येसूबाईंनी मांडलं. भात वाढला. वर आमटी घातली, एक थेंब इकडेतिकडे नाही. आई बघतच राहिली. पदर डोळ्यांना लावलेला, हात काही पानाकडे जाईना.

येसूबाईंनी आमटीचं भांडं खाली ठेवलं. मग आईला खेटून बसल्या, भात कालवला, छान गोल घास केला आणि तिच्या तोंडापाशी नेला.

"आये, आ कर!"