उतावळा कचरू

कचरूला आमच्या गायन पार्टीत सगळे उतावळा म्हणायचे. नाव मीच ठेवलं होतं. केज तालुक्यात जयंतीला आमची पार्टी भीमगीतं गायची. ज्ञानोबादादा मुख्य गायक, मी बंकट ढोलकीवर आणि कोरसला कचरू. दादांची ओळ पुरी व्हायच्या आत हा गडी ती उचलायचा. मी ढोलकीवरून डोळे वटारायचो, कार्यक्रमानंतर चारचौघांत झापायचो. तो मान खाली घालून बिडी शिलगवायचा.

पहिली कॅसेट निघाली तेव्हा कचरू कोयता घेऊन साखर कारखान्यावर गेला होता. तिच्यात त्याचा आवाज नाही. कुणाच्याही घरी ती लागली की त्याची बायको मनकर्णा उठून जायची. बारा वर्षांनी दुसरी काढायचं ठरलं. त्या साली दुष्काळाने ऊस वाळला, सहकारी कारखान्याचा हंगाम पौषातच आटोपला आणि कचरू वेळेआधी घरी आला. दुष्काळाने आमचं एवढं एक भलं केलं म्हणायचं.

बीडचा स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली एक खोली. तिथल्या शहादेव रेकॉर्डिंगवाल्याने आम्हाला तीनदा थांबवलं. कोरसवाला मधेच घुसतो, दोन आवाज एकमेकांत कालवले जातात, असं त्याचं म्हणणं. चौथ्यांदा त्याने कचरूला बाहेरच बसवलं. कोरस दुसऱ्या कुणाचा घेऊ म्हणाला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

दादा एकटे गायले. शहादेवने टेप मागे घेऊन लावली. 'रस्ता आला आमच्या वस्ती...' आणि पुढे नुसती हवा. 'पाशी' नाहीच. दुसऱ्या ओळीचा शेवट नाही, तिसऱ्याचाही नाही. पहिल्या कॅसेटनंतरच्या दुष्काळात दादांनी रोजगार हमीवर दोन वर्षं खडी फोडली होती. ती धूळ छातीत बसली हे आम्हाला ठाऊक होतं. पण ओळ तुटते हे ना त्यांना कळलं होतं, ना हातभर अंतरावर बसणाऱ्या मला. मला माझीच लाज वाटली.

दादांनी कचरूला आत बोलावलं.

"कवापासून?"

"खडीवरून आलतात तवापासून."

"सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी गाणं सोडलं असतं."

दादा शहादेवकडे वळून म्हणाले, आम्ही दोघं एकाच माईकवर गाऊ, जमत नसेल तर एसटी पकडून घरी जातो. शहादेव कुरकुरला, पण त्याने दुसरा माईक काढून ठेवला. दोघं खांद्याला खांदा लावून गायले.

जयंतीला कॅसेट वस्तीत लागली. मनकर्णा कान देऊन बसली होती. दोन गाणी झाली तरी तिला नवऱ्याचा आवाज सापडेना. याही वेळी ह्यांना गाळलं, म्हणत ती मला बोलू लागली आणि मी मुकाट ऐकून घेतलं. खरं सांगावं तर दादांची तुटकी ओळ उघडी पडत होती. कचरू तर तिलाच गप्प बस म्हणत होता.

दादांनी कॅसेट थांबवायला लावली. सगळी वस्ती त्यांच्याकडे बघत होती.

"मनकर्णा, नीट ऐक," ते म्हणाले. "मी जिथं संपतो ना, तिथून पुढं तुजा कचरू हाय."