भागूबाई मानसशास्त्राकडे कशी वळली

आमच्या लिफ्ट कंपनीच्या कंट्रोल रूममधल्या बाईंना आम्ही सगळे मेकॅनिक भागूबाई म्हणायचो. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. लिफ्ट बंद पडली की आत अडकलेला माणूस लाल बटण दाबतो, तेव्हा जो आवाज ऐकू येतो तो यांचा. आणि गंमत बघा, दिवसभर लिफ्टमधल्या लोकांना धीर देणारी ही बाई स्वतः लिफ्टमध्ये पाऊल टाकत नसे. ऑफिस सहाव्या मजल्यावर, आणि बाई रोज जिना चढून घामाघूम. साहेबांनी नुसती हाक मारली तरी चेहरा पांढराफटक. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो यांना नोकरीतच भेटला होता.

आता त्यांच्या दारावर समुपदेशकाची पाटी आहे, तर लोक मला विचारतात, मानसशास्त्र घ्यायचं यांनी कधी ठरवलं? लोकांना वाटतं, अशी माणसं शाळेतच ठरवून बसतात. डोंबलाचं. चाळिशी उलटली होती, मुलं कॉलेजात होती, आणि एक दुपार जीव मुठीत धरून काढल्यावर ठरवलं. मी त्या दिवशी फोनवर होतो म्हणून सांगतो.

कंपनीनं टेबलावर दोन वाक्यं चिकटवून ठेवली होती. ‘घाबरू नका. पाच मिनिटांत माणूस येतोय.’ माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला असला तरी पाच मिनिटंच सांगायची. आम्हाला कुणालाच त्यात वावगं वाटत नसे.

त्या दुपारी एका ऑफिसातला हिशेबनीस सातव्या आणि आठव्या मजल्यांच्या मध्ये लटकला. लिफ्टमध्ये एकटाच. मी स्कूटरवरून निघालो, तर पुढं ट्रक आडवा झालेला आणि रस्ता ठप्प. बाईंच्या एका कानात तो, दुसऱ्या कानात मी. त्याचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

“पाच मिनिटं केव्हाच झाली,” तो म्हणाला. “खोटं बोलताय तुम्ही.”

“घाबरू नका,” बाई म्हणाल्या.

“घाबरू नका काय, घाबरू नका. इथे श्वास येत नाहीये मला.”

मग खरखर ऐकू आली. तो बोटं घालून दार फाकवत होता. अधांतरी अडकलेल्या लिफ्टमधून लोक खालच्या मजल्यावर उडी मारायला बघतात. पाय जरा घसरला, की माणूस लिफ्टखालच्या फटीतून थेट तळाच्या खड्ड्यात. एकदा असा एक मीच वर काढलाय. त्यानंतर आठवडाभर मला अन्न गेलं नव्हतं.

“बाई, त्याला थांबवा,” मी ओरडलो. “काहीही करा, पण त्याला बाहेर पडू देऊ नका. मरेल तो.”

“मला नाही जमणार हो,” त्या म्हणाल्या. दात वाजत होते त्यांचे.

नंतर नुसती खरखर. आणि मग बाई त्याला म्हणाल्या, “मी खोटं बोलले. माणूस कधी येईल ते मला माहीत नाही. तो रस्त्यात अडकलाय.”

मी मनात म्हटलं, झालं, बोंबला आता.

“मलाही फार भीती वाटतेय,” बाई पुढं म्हणाल्या. “मी लिफ्टमध्ये कधी चढतच नाही.”

खरखर थांबली. “मग तिथे काय करताय?” त्यानं विचारलं.

“पोट भरतेय. तुम्हाला कुठं जाणवतेय भीती? मला घशात. थुंकीसुद्धा गिळवत नाही.”

“गुडघ्यात. थरथरतायत नुसते.”

“मग बसा ना खाली. मीही खुर्ची सोडून खालीच बसलेय.”

तो बसला. शेजारणींनी दुखणी सांगत बसावं तसे दोघं बोलत राहिले. मध्येच तो उठायचा, दार करकरायचं, बाई गयावया करायच्या, आणि मी भर रस्त्यात हॉर्नवर हात ठेवून रडकुंडीला आलेला.

शेवटी पोचलो. वीज तोडली, आठव्या मजल्यावरून त्याला वर ओढला. खालचं, सातव्या मजल्याकडचं दार चांगलं हातभर उघडलं होतं. मी फोनवर “सुटला” म्हटलं आणि लाइन बंद झाली. त्याची सही घेतली, निघालो. आमचं काम एवढंच.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, “तो घरी कसा गेला?”

“पायांनी,” मी म्हटलं.

त्यांना हसू आलं नाही. “तुम्ही सुटला म्हणालात, पण भीती कुठं सुटली त्याची? ती घेऊन एकटाच गेला. पुढं त्याच्याशी काय बोलायचं असतं, ते मला माहीत नाही. मला ते शिकायचंय.”

झालं, ठरलं. नवरा म्हणाला, आता या वयात वेड्यांची डॉक्टर होणार का? सासूबाई म्हणाल्या, आधी स्वतःचं बघ. मीही कमी हसलो नाही. बाईंनी नोकरी सांभाळून बाहेरून परीक्षा दिल्या, एकदा नापास झाल्या, पुन्हा बसल्या. आता एका दवाखान्याच्या मागं खोली आहे त्यांची. तळमजल्यावर, हे सांगायला नको.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. एखादी लिफ्ट दुपारभर मिळेल का? त्यांच्याबरोबर येणार होता तोच हिशेबनीस. बाईंनी त्याची विचारपूस सोडली नव्हती. त्या दिवसापासून तो लिफ्टमध्ये चढला नव्हता, नोकरी सोडून बसला होता, न्हाणीघराची कडीसुद्धा लावत नव्हता. आधी दोघं उघड्या दारात उभे राहिले, मग एक मजला वर गेले. मग बाई म्हणाल्या, आता शेवटपर्यंत.

“तुम्ही कशाला जाताय?” मी विचारलं. त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते.

“मीच गेले नाही तर तो कशाला जाईल?”

दार लागलं. आयुष्यभर लिफ्टच्या दोरांशी खेळलेला मी, जिना चढत धावत सुटलो. मधेच बंद पडली तर, या विचारानं छाती फुटायची वेळ आली.

वरचं दार उघडलं. तो बाहेर आला. सदरा घामानं चिंब, पण स्वतःच्या पायांवर उभा. बाई आत कोपऱ्यात खाली बसलेल्या. उठता येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. मी हात पुढं केला. त्यानं तो हळूच बाजूला केला, परत आत गेला आणि त्यांच्याजवळ फरशीवर मांडी घालून बसला.

“दार लागू द्या,” तो मला म्हणाला. “मी यांना खाली घेऊन जातो.”