पीडित भगिनींनी हात वर करावा

कार्यक्रमाच्या कामांची यादी मी केली होती आणि तिच्यात पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं: फोटो नाही. खुर्च्या, चहा, माइक हे सगळं त्याच्या खाली. आमच्या भागातल्या मंडळाच्या अध्यक्षांना मी ती मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली. आता कळतं, ते चहापाशी मान हलवत होते.

कायदेसल्ल्याचं हे शिबिर मीच मागितलं होतं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंसाठी. त्या यवतमाळकडच्या, नवरा चाकणला कारखान्यात. त्याच्या माराला कंटाळून त्या मुलीला घेऊन निघाल्या आणि कर्वेनगरात मावसबहिणीच्या खोलीवर आल्या. नवऱ्याला हा पत्ता ठाऊक नव्हता. त्यांची झोप, त्यांचं काम, मुलीची शाळा, सगळं तेवढ्या एका गोष्टीवर उभं होतं.

बायकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, हे मी त्यांना सांगितलं.

"मिळत असंन ताई," त्या म्हणाल्या, "पण जाऊ कवा?"

प्रश्न बरोबर होता. कोर्ट शिवाजीनगरला. जायला बस, तिथे रांग, आणि तेवढ्या वेळात चार घरांच्या पोळ्या बुडणार. लागोपाठ खाडे झाले की लोक दुसरी बाई बघतात. कायदा त्यांच्यासाठीच होता, फक्त त्याची वेळ आणि त्यांची वेळ एकच होती. म्हणून मी ठरवलं की वकील इकडे आणायचा. मंडळाकडे हॉल होता. माझी मागणी साधी होती: एक वकील, एक टेबल, एक बंद होणारं दार.

शिबिराच्या संध्याकाळी हॉलवर गेले तर बाहेर भलामोठा फ्लेक्स. त्यावर अध्यक्ष हात जोडून उभे, उपाध्यक्ष, खजिनदार, आणि खाली कोपऱ्यात 'कौटुंबिक हिंसाचार' एवढ्या बारीक अक्षरात, की वाचायला चष्मा लागावा. आत दीपप्रज्वलन. पंख्याने वात विझत होती म्हणून पंखे बंद केले. मग स्वागतगीत. मग शाल, श्रीफळ. मग स्त्रीशक्तीवर एका पुरुषाचं भाषण. त्याच्या मागोमाग दुसऱ्या पुरुषाचं. सरकारी मदतीतून आलेल्या तरुण वकीलबाई मांडीवर नारळ घेऊन स्टेजवर बसून होत्या आणि घड्याळाकडे बघत होत्या.

शेवटी सूत्रसंचालकाने माइकवरून जाहीर केलं, "आता ज्या पीडित भगिनी असतील, त्यांनी कृपया हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही. पहिल्या रांगेतल्या दोघींनी तर हात पदराखाली घेतले.

"कोणीच नाही?" अध्यक्ष खूश झाले. "म्हणजे आपला वॉर्ड आदर्शच म्हणायचा!"

पोळ्यावाल्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. माझ्या कानाशी म्हणाल्या, "ताई, मले वकील पायजे. भाषण नाही."

मी उठले, वकीलबाईंना स्टेजवरून खाली घेतलं आणि दोघींना हॉलमागच्या चहाच्या खोलीत बसवलं. एक पिंपावर, एक उलट्या क्रेटवर. मी दारात उभी राहिले. कपबशांच्या ढिगाऱ्यात जे दहा-पंधरा मिनिटं बोलणं झालं, तेवढंच त्या संध्याकाळचं शिबिर. वकीलबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "तुमचा खाडा होणार नाही अशी तारीख बघून अर्ज करू."

तेवढ्यात अध्यक्ष आले. "मिळाल्या का लाभार्थी? एक फोटो घेऊ."

"नाही," मी म्हटलं.

"अहो मॅडम, पाठमोरा घेतो."

"पाठमोराही नाही. यादीत पहिलंच लिहिलंय."

"बरं बरं, राहिलं," म्हणाले आणि माझ्या खांद्यावरून मोबाइल वर धरून त्यांनी फोटो घेतलाच. पाठमोरा कुठला? बाई आवाजाने वळल्या, त्यांचा अख्खा चेहरा आला. मी तिथल्या तिथे तो पुसायला लावला. त्यांनी माझ्यासमोर पुसला. पण, हे मला नंतर कळलं, मंडळाच्या ग्रुपवर तो आधीच पडला होता, खाली कर्वेनगर, हॉलचं नाव आणि हात जोडलेल्याचं चिन्ह. त्या ग्रुपवर चाकणला कामाला जाणारी मुलंही आहेत.

दोन दिवसांनी संध्याकाळी आमच्या इंटरकॉमवर वॉचमनचा फोन. "मॅडम, पोळ्यावाल्या मावशींचे मिस्टर आलेत. हॉलपासून फोटो दाखवत, विचारत आलेत. वर पाठवू का?"

बाईंनी ऐकलं. तव्यावर पोळी तशीच सोडून त्यांनी गॅस बंद केला. "पोरगी खोलीवर एकटी हाय," एवढंच म्हणाल्या.

वॉचमनला म्हटलं, गेट उघडायचं नाही. मावसबहिणीला फोन केला, शेजारणीला कळवून मुलीला तिच्या घरी बसवायला सांगितलं. मग पोलिसांना, मग वकीलबाईंना. पोलीस आले. खाली तो गृहस्थ अगदी नम्रपणे सांगत होता, "घरगुती मामला आहे साहेब. बायकोला न्यायला आलोय." आणि आमच्याच इमारतीतले एक काका मला समजावत होते, "अहो, नवरा-बायकोत आपण कशाला पडायचं?" मी म्हटलं, "मग आपण जिन्यात कशाला उभे आहात?"

तो त्या दिवशी गेला. पुन्हा येणार नाही याची खात्री कोण देणार? मायलेकींना मी कसबा पेठेत माझ्या मैत्रिणीकडे पोचवलं आणि सकाळी आम्ही वकीलबाईंबरोबर कोर्टात. खाड्याचा प्रश्नच उरला नव्हता, कर्वेनगरातली कामंच सुटली होती. काही दिवसांनी अंतरिम आदेश मिळाला: नवऱ्याने त्यांच्या घरी, कामाच्या ठिकाणी, मुलीच्या शाळेपाशी फिरकायचं नाही. मोफत वकिलाने चोख काम केलं. पण आदेश हातात आला तेव्हा ज्या घरासाठी, ज्या कामासाठी, ज्या शाळेसाठी तो मागायचा होता, ते सगळं त्यांनी सोडलेलं होतं. मारणाऱ्याने सोडायला लावलं नव्हतं, मदत करणाऱ्यांनी लावलं.

आता वकीलबाई महिन्यातून दोनदा इथल्या एका शिवणवर्गाच्या खोलीत येऊन बसतात. फ्लेक्स नाही, नारळ नाही. बायका शिवायला आल्यासारखं ब्लाउजचं कापड घेऊन येतात, दार लावतात.

मध्यंतरी अध्यक्षांचा फोन आला. "त्या ताईंचं फार वाईट वाटलं हो. वर्धापनदिनाला साडी देऊन त्यांचा सत्कार करावा म्हणतो. पत्ता देता?"

माझ्याकडे सोसायटीला लागणाऱ्या सगळ्यांचे पत्ते असतात, गॅसवाल्यापासून गुरुजींपर्यंत. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

खरंच माहीत नाही. मैत्रिणीकडून निघताना त्या नवा पत्ता सांगायला लागल्या होत्या. मीच म्हटलं, सांगू नका.