अलास्काच्या बाल्कनीला आतून कडी

“बेन, बाल्कनीमां हिंचको हशे ने?” जयंतीभाईंनी विचारलं, आणि मी हातातला फॅक्स खाली ठेवला.

हिंचको म्हणजे झोपाळा. बडोद्यात बाल्कनी असलेल्या घरात झोपाळा असायचाच. नसला तर ह्यांचं सामान अजून यायचंय असं लोक समजायचे. मी म्हटलं, “जयंतीभाई, अलास्का आहे. बोट आहे. दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल मिळेल.”

“आणि थंडी?”

“स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर शाल.”

“मग त्या खुर्च्यांवर बसणार कोण?”

प्रश्न रास्त होता. (बोलणं अर्थात गुजरातीत चाललं होतं. इथे बहुतेक मराठीत लिहिते, जिथे गुजराती सोडवत नाही तिथे तशीच ठेवते.)

मी तेव्हा अलकापुरीतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत सीनियर होते. आमचे पणजोबा बडोद्याच्या महाराजांच्या घोडदळात होते, ही गोष्ट आमच्या घरात अजूनही पाहुण्यांना पोह्यांबरोबर वाढली जाते. त्यांनी घोडे सांभाळले, मी तिकिटं. लोकांच्या हातात नव्याने पैसा आला होता आणि सिंगापूर सगळ्यांचं बघून झालं होतं, त्यामुळे क्रूझ नावाचा प्रकार आम्ही विकायला लागलो होतो. मी स्वतः तोवर बोटीत बसले होते ती सुरसागर तलावातल्या, पायाने पेडल मारायच्या. पण ब्रॉशर पाठ होतं.

जयंतीभाईंचा मकरपुऱ्याला व्हॉल्व्हचा कारखाना. घरची दहा माणसं: आई-वडील, म्हणजे बा आणि बापूजी, तिघे भाऊ, तिघांच्या बायका आणि दोन मुलं. पाच केबिन लागणार होत्या. केबिन तीन प्रकारच्या. इनसाइड म्हणजे चारही बाजूंनी भिंत, दिवा घालवला की आपला हात आपल्याला दिसत नाही. ओशन व्ह्यू म्हणजे न उघडणारी खिडकी. बाल्कनी म्हणजे काचेचं दार आणि पलीकडे दोन खुर्च्यांपुरती उघडी जागा.

आमचे मालक हर्षदभाई म्हणाले, “पाचही बाल्कनी दे. पार्टी मोठी आहे.”

मी म्हटलं, “गारठ्यात कोणी बाहेर बसणार नाही. उगाच विकायची?”

“तू बसणारेस का? ते बसतील नाहीतर टॉवेल वाळवतील. तुला काय करायचंय?”

पण मला सल्ला द्यायची खोड आहे. मी जयंतीभाईंना खरं ते सांगितलं, की चार तासांच्या हौसेसाठी पाच बाल्कन्या कशाला. त्यांना ते एकदम पटलं. कारखानदार माणूस, एका कॉम्प्रेसरवर चार मशिनं चालवायची सवय. ते म्हणाले, “एक बाल्कनी घ्या. बाकी इनसाइड. सगळे पाळीपाळीने तिथे बसतील.”

“आणि ती केबिन कोणाची?”

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी शुद्धीवर नाही. “बापूजींची. आणखी कोणाची?”

त्या घरात बापूजींपेक्षा चांगल्या खोलीत कोणी झोपणं शक्यच नव्हतं. मीही मान डोलावली. फार हुशारीचा तोडगा निघाला असं मला वाटलं, ते इथेच कबूल करून टाकते.

आठवड्याने सरोजबेन, म्हणजे जयंतीभाईंच्या बायको, बांना घेऊन ऑफिसात आल्या. व्हिसाच्या फोटोचं काम होतं. बा सत्तरीच्या पुढच्या, गुडघ्यांनी अधू, सुती साडी, हातात कापडी पिशवी. सह्या झाल्यावर त्या माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “बेन, एक विचारू? आवाज ऐकू येईल ना?”

“कसला आवाज, बा?”

मग कळलं. ही सगळी ट्रिप बांमुळे निघाली होती. केबल आल्यापासून त्या दुपारी प्राण्यांचं आणि डोंगरांचं चॅनल बघायच्या. त्यात त्यांनी बर्फाची उभी भिंत समुद्रात कोसळताना पाहिली होती, एकदा नाही, वीसदा. पण दुपारची वेळ म्हणजे बापूजींच्या झोपेची वेळ. टीव्ही मुका. “एवढा मोठा डोंगर पडतो,” बा म्हणाल्या, “आणि घरात टाचणी पडल्याइतकाही आवाज नाही. तो कसा वाजत असेल?”

सरोजबेन म्हणाल्या, “लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलांनी विचारलं, बा, काय हवं? आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागितलं.”

“ऐकू येईल, बा,” मी म्हटलं. “मी ऐकवते.” बोट न बघितलेल्या बाईने हे वचन दिलं. आमच्या धंद्यात असंच चालतं.

पुढे जयंतीभाईंनी हट्ट धरला की इंग्रजीत डोकेफोड कोण करणार, बेनना बरोबर पाठवा. हर्षदभाईंनी मला टूर मॅनेजर करून पाठवलं. टूर मॅनेजर म्हणजे पासपोर्ट सांभाळायचे, माणसं मोजायची आणि सूपमध्ये चिकन नाही ना ते विचारायचं.

पहिले तीन दिवस त्या बाल्कनीत कोणीही बसलं नाही. थंडी होती म्हणून नव्हे. आत बापूजी होते म्हणून. सुना बोटीवर पँट घालून फिरत होत्या, पण सासऱ्यांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे ओढणी शोधा, डोक्यावर घ्या, पलंगापासून चार हात लांब उभ्या राहा. नातवंडांना बापूजींनी पहिल्याच दिवशी दंगा करतात म्हणून हाकललं. मुलगे दारातूनच “बापूजी, ठीक ने?” विचारून पळायचे. आणि बापूजी स्वतः बाल्कनीवर वैतागले होते. उन्हाळ्यात तिकडे रात्री दहाला सूर्य आकाशात. पडद्याच्या फटीतून उजेड यायचा आणि त्यांना झोप लागायची नाही. म्हणजे सगळ्यात भारी खोली अशा माणसाला दिली होती, ज्याला त्यातलं काहीच नको होतं. ही माझी व्यवस्था.

चौथा दिवस हिमनदीचा. सकाळीच कप्तानाने सांगितलं, दुपारी दोन वाजता बोट बर्फाच्या भिंतीसमोर थांबेल. बापूजी दीड ते चार झोपत. कारखाना त्यांनीच काढलेला; जेवणाच्या सुट्टीत तिथेच खाटेवर पाठ टेकायची, ती वेळ पुढे घराचा कायदा झाली. त्या वेळात त्यांच्या घरी मिक्सरसुद्धा लावत नाहीत.

दोनला मी वरच्या डेकवर होते. अख्खी बोट तिथे लोटलेली. वारा कापत होता. मी माणसं मोजली. आठ. बापूजी झोपलेले, म्हणजे नऊ. बा कुठेत?

“बा खाली,” सरोजबेन ओरडून म्हणाल्या. “इथली गर्दी आणि जिने त्यांना झेपणार नाहीत. त्यांना तर बाल्कनी आहे!”

मी जिने उतरत सुटले. केबिनच्या दारावर बोटाच्या पेराने टकटक केलं. बांनी दार उघडलं, ओठावर बोट ठेवून. बापूजी ब्लँकेट डोक्यावर घेऊन घोरत होते. बांची खुर्ची काचेच्या दाराच्या आतल्या बाजूला होती. दार घट्ट बंद, कारण उघडलं की बापूजींना गारवा लागतो. काचेपलीकडे निळसर पांढरी भिंत, वीसेक मजली इमारतीएवढी. बा माझ्या कानाशी कुजबुजल्या, “जो, टीवी जेवुं ज छे.” बघ, अगदी टीव्हीसारखंच आहे.

तक्रार नव्हती त्यात. नवीन खेळणं नातवाला दाखवावं तशा कौतुकाने त्या बोलल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्धी पृथ्वी ओलांडून मी या बाईला पुन्हा मुक्या टीव्हीसमोर आणून बसवलं होतं.

मी काही विचार केला नाही. पलंगावरचं दुसरं ब्लँकेट त्यांच्या शालीवरून गुंडाळलं, टोपी कानावर ओढली. त्यांनी बापूजींकडे पाहिलं. “उठशे तो?”

“मी बघते.”

ते दार भलतंच जड असतं. उघडलं की वारा शिट्टी घालत आत शिरतो. बापूजी “हं” करून कुशीवर वळले. आम्ही बाहेर सटकलो आणि दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने भिंतीचा एक भला मोठा कोपरा सुटला. सावकाश, सरळ खाली. पाणी उसळलं. आणि आवाज नाही. बांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडायला लागला. माझाही पडला. मग आला तो आवाज. बोट लांब उभी असल्यामुळे तो मागून येतो, हे ब्रॉशरमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. आधी गडगडाट, मग छातीत धक्का, मग समोरच्या डोंगरावर आपटून परत. बांनी माझं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली.

“फरी?” त्या म्हणाल्या. पुन्हा?

पुन्हा झालं. तीनदा झालं. त्या एक एक बोट मुडपत मोजत होत्या. मग मी मागे वळले, त्यांना आत न्यावं म्हणून, तर पडदा ओढलेला. हँडल दाबलं. दार हलेना.

आता हे बडोद्याच्या माणसाला सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगते. आमच्याकडे वानरं फार. दुपारी बाल्कनीचं दार उघडं ठेवून झोपलात, तर उठेपर्यंत फ्रिजवरची केळी, देवापुढचा प्रसाद आणि नशीब वाईट असेल तर चष्मासुद्धा गेलेला. त्यामुळे बडोदेकर झोपेत उठला तरी आधी त्या दाराला कडी लावतो. बापूजींना गारवा लागला असणार. ते अर्धवट झोपेत उठले, पन्नास वर्षांच्या सवयीने लॅच फिरवला, पडदा ओढला आणि परत झोपले. अलास्कात वानरं नाहीत हा विचार झोपेत कोण करतो?

मी काच बडवली. काही नाही. “एमनुं मशीन डबीमां छे,” बा शांतपणे म्हणाल्या. कानाचं मशीन. झोपताना ते काढून डबीत ठेवायचे; मशीन हल्लीचं, घरातली दुपारची शांतता त्याआधीची.

माझ्या अंगात साधा स्वेटर. शेजारी सत्तरी ओलांडलेली बाई, माझ्या भरवशावर. हिला काही झालं तर नोकरी जाईल ते जाऊ दे, समा भागातल्या घरी जाऊन आरशात काय बघणार होते मी?

बाल्कन्यांच्या मध्ये पत्र्याचा आडोसा असतो. त्यावरून मी मान काढली. पलीकडे एक अमेरिकन आजी दुर्बीण लावून बसल्या होत्या. मी इंग्रजीत सांगितलं, नवरा आत झोपलाय, कडी लागलीय. त्यांनी दुर्बीण खाली केली. “मुद्दाम?” त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर जरा निराश झाल्या, पण फोन करायला आत गेल्या. येताना बांसाठी गरम चॉकलेटचा कप घेऊन आल्या आणि आडोशावरून दिला. बांनी तो दोन्ही हातांत धरला आणि मला विचारलं, “इंडुं तो नथी ने?” अंडं नव्हतं. त्या प्यायल्या.

स्ट्यूअर्ड, म्हणजे केबिनची देखभाल करणारा माणूस, यायला अर्धा तास लागला, कारण तोही वर बर्फ बघत होता. दार उघडलं तेव्हा त्याच्या मागे जयंतीभाई, सरोजबेन आणि सगळं बिऱ्हाड. जयंतीभाई बापूजी झोपलेत हेही विसरून माझ्यावर कडाडले. “माझ्या बाला बर्फात उभी केलीत? काही झालं असतं म्हणजे? हा धंदा करता तुम्ही?”

मी बांना हात दिला.

बा आत आल्या, खुर्चीत टेकल्या. नाक लाल, टोपी तिरकी. “जयंती, बेनवर ओरडू नकोस,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बापूजींनी पन्नास वर्षं मला आत कोंडलं. आज पहिल्यांदा बाहेर कोंडलं. बहु मजा आवी.”

मग सरोजबेन ओढणी तोंडात कोंबून हसायला लागल्या, आणि मग कोणालाच आवरलं नाही. त्या गलक्याने बापूजी उठले. डबीतून मशीन काढून कानात घातलं, भोवती जमलेली अकरा माणसं बघितली आणि म्हणाले, “चा?”

चहा पिताना त्यांनी जाहीर केलं की ही खोली त्यांना नको. वारा शिट्ट्या मारतो, रात्री ऊन येतं, आणि आता तर झोपेत कोणी काच ठोकतंय असं स्वप्न पडलं. “एखादी अंधारी खोली नाही का बोटीत?”

माझी होती. इनसाइड. मी रिसेप्शनवर जाऊन चाव्या बदलून घेतल्या. मी बांच्या केबिनमध्ये, बापूजी माझ्या. दुसऱ्या दिवशी ते साडेआठपर्यंत झोपले आणि मला दटावून विचारलं, की इतकी उत्तम खोली पहिल्या दिवसापासून स्वतःकडे का ठेवली होती. मी माफी मागितली.

राहिलेले तीन दिवस तिन्ही सुना सकाळपासून बाल्कनीत. ओढण्या सुटकेसमध्ये. ब्लँकेटं गुडघ्यावर, मध्ये खाखऱ्यांचा डबा, बा बर्फाच्या आवाजाची नक्कल करून दाखवताहेत. मी आत पलंगावर पासपोर्ट मोजत बसायचे, कारण बाहेर मला जागाच नसायची.

परत आल्यावर हर्षदभाईंनी विचारलं, “बोल, ठंडीमां बाल्कनी लेवाय के नहीं?”

“घ्यावी,” मी म्हटलं. “पण हवामान विचारून नाही. दुपारी कोण झोपतं ते विचारून. त्याला इनसाइड द्यावी.” त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. पुढे नोकरी असेपर्यंत मी गिऱ्हाइकांना हा प्रश्न विचारत राहिले.

पुढच्या वर्षी बा आणि सरोजबेन ऑफिसात आल्या. नॉर्वेचं ब्रॉशर मागितलं. दोघींचंच बुकिंग, एक केबिन.

“आणि बापूजी?” मी विचारलं.

“ए तो सूता छे,” बा म्हणाल्या. ते झोपलेत.

मी फॉर्मवर बाल्कनी लिहिली आणि थंडीबद्दल एक अक्षर काढलं नाही.